विनता कोणाकडे

सुनावणीच्या आदल्या दुपारी बेबी नागपूरहून आली. जबलपूरच्या ओमती भागातल्या वडिलांच्या घरात तिने पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि कोर्टात दिलेल्या अर्जाची नक्कल मागितली. तिचा भाऊ चिंतामणी म्हणाला, आधी जेवून घे, अर्ज काही पळून जात नाही. बेबी म्हणाली, मी जेवायला आलेली नाही. आरामखुर्चीत बसलेल्या अण्णांच्या चेहऱ्यावर लेक आल्याचा आनंद क्षणभर दिसला आणि मावळला. ती कोणाच्या बाजूने आली आहे हे त्यांना तिच्या पत्रावरूनच कळलं होतं.

अण्णा म्हणजे शालिग्राम गोतमारे. वरूडचा माणूस रेल्वेच्या नोकरीसाठी जबलपूरला आला, तेव्हा दोन्ही गावं एकाच प्रांतात होती. छप्पन साली प्रांत तुटले, वरूड मुंबई राज्यात, पुढे महाराष्ट्रात गेलं आणि अण्णा इकडेच राहिले. त्यानंतर पंधरा वर्षांत त्यांनी बरंच पाहिलं. थोरला शशिकांत विषमज्वराने गेला तेव्हा त्याची मुलगी विनता भिंत धरून उभी राहायला शिकत होती. अण्णांनी सुनेला, इंदिरेला, पांढऱ्या कपाळाने घरात बसवून ठेवलं नाही. खमरियाच्या कारखान्यात शशिकांतसोबत काम करणारा अंबादास वानखेडे तिच्याशी लग्न करायला तयार झाला, तेव्हा इंदिरेच्या बाजूने पाटावर स्वतः अण्णा बसले. वरूडकडच्या भाऊबंदांनी त्यांच्याकडचं येणं-जाणं सोडलं. अण्णांनी त्याची पर्वा केली नाही.

मग गेल्या श्रावणात इंदिरा काविळीने गेली, आणि अकरा वर्षांची विनता गोहलपूरच्या दोन खोल्यांत अंबादाससोबत राहिली. चिंतामणी आणि त्याची बायको विभावरी यांना मूल नव्हतं. दादाची पोर आता आपल्या घरी यायला पाहिजे, असं चिंतामणीने तेराव्यालाच बोलून दाखवलं. अण्णांनाही ते रास्त वाटलं. त्यांनी अंबादासला तसं सांगितलं, आणि इतक्या वर्षांत कधी त्यांच्यापुढे मान वर न केलेल्या अंबादासने पहिल्यांदा नाही म्हटलं. म्हणून भय्यासाहेब वकिलांनी अण्णांच्या नावाने अर्ज लिहिला, की मुलीचे पालक म्हणून तिच्या आजोबांना नेमावं. अंबादासनेही उलट अर्ज दिला, की मला नेमावं.

बेबी नक्कल वाचत होती. एका ठिकाणी ती थांबली, परत वाचलं, आणि उठून अण्णांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

“अण्णा, यावर सही करायच्या आधी तुम्ही हा वाचला होता?”

अण्णा म्हणाले, भय्यासाहेबांनी सगळं समजावून सांगितलं होतं.

“मग हे पण सांगितलंच असेल,” बेबी म्हणाली आणि हिंदीतलं ते वाक्य तिने सावकाश वाचलं. “‘घर में कोई स्त्री नहीं है। बालिका की बढ़ती आयु को देखते हुए एक पराये पुरुष के साथ उसका रहना उसके शील के लिए सुरक्षित नहीं है।’”

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. विभावरी दारात येऊन उभी राहिली होती.

अण्णांनी हात पुढे केला. बेबीने कागद दिला. चष्मा लावून त्यांनी ते वाक्य स्वतः वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला. ज्या माणसाच्या हातात त्यांनी मुलाच्या विधवेचा हात दिला होता, त्याच्याबद्दल हे त्यांच्या सहीने कोर्टात गेलं होतं. अंबादासने ते नक्कीच वाचलं असणार. आणि तरीही परवा, मार्केटात भेट झाली तेव्हा, तो नेहमीसारखा वाकून पाया पडला होता.

“चिंतू,” अण्णा म्हणाले, “हे तुला माहीत होतं?”

चिंतामणीने खाली पाहिलं. तो म्हणाला की वकील लोक असंच लिहितात, सगळ्या केसेसमध्ये लिहितात, त्याचा अर्थ तसा नसतो.

“त्याचा दुसरा काय अर्थ होते, ते सांग मला,” अण्णा म्हणाले.

संध्याकाळी भय्यासाहेब घरी आले. सिव्हिल लाइन्समध्ये बंगला, कोर्टात दबदबा, आणि अण्णांशी जुना घरोबा. त्यांनी कायदा शांतपणे पुन्हा सांगितला. छप्पनच्या पालकत्वाच्या कायद्यात आई आणि बाप या शब्दांत सावत्र आई आणि सावत्र बाप येत नाहीत, हे उघड लिहून ठेवलं आहे. अंबादासने मुलीला सात-आठ वर्षं वाढवलं, खाऊपिऊ घातलं, शिकवलं, पण कायद्याच्या नजरेत तो तिचा कोणी नाही. आजोबासुद्धा आपोआप पालक होत नाही, त्याला कोर्टाने नेमावं लागतं. पण नेमताना कोर्ट रक्ताचं जवळचं नातं बघतं, आणि तिथे अण्णांचं पारडं जड आहे. फक्त एक अडचण आहे. त्याच कायद्यात असंही आहे की सगळ्यात वरचढ काय, तर मुलाचं हित. आता मुलगी त्या घरात सुखी आहे, शाळेत हुशार आहे, अंगावर धड कपडे आहेत. मग तिचं हित तिथे नाही हे दाखवायचं कसं? म्हणून ते वाक्य.

“ते वाक्य काढा,” अण्णा म्हणाले.

भय्यासाहेबांनी समजावलं की ते काढलं तर केस लंगडी होईल.

“होऊ द्या. मी कोर्टात जाईन तर खरं सांगून नात मागीन. एखाद्याच्या तोंडाला काळं लावून नाही.”

चिंतामणीला आता राहवेना. तो म्हणाला, तुम्ही सगळे त्या माणसाचे गोडवे गाऊन राहिले, पण आम्हाला काय माहीत तो घरात कसा वागतो? बाहेर तर सगळेच चांगले असतात. दादाची एवढी एक खूण उरली आहे. ती परक्याच्या घरात सोडून द्यायची? उद्या त्याने दुसरं लग्न केलं, त्याला स्वतःची मुलं झाली, तर हिचं काय?

प्रश्न खोटा नव्हता. पण उत्तर द्यायला विभावरी पुढे आली.

विभावरी सासऱ्यांसमोर फारशी बोलत नसे. या घरात ती आली त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात तिला जे हवं होतं ते एकच, आणि ते झालं नव्हतं. विनता येणार म्हणून सगळ्यात जास्त जीव टाकला होता तो तिने. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोर्टाने मुलीला आजोबांकडे राहायची परवानगी दिली, तेव्हा खिडकीजवळची खाट तिने विनतासाठी तयार केली, नवीन चादर घातली, दोन फ्रॉक शिवले. विनता आली, राहिली, काकू काकू करत मागे फिरली. विभावरीचे ते दिवस कसे गेले हे तिचं तिलाच माहीत.

“मामाजी,” ती अण्णांना म्हणाली, “मला एक सांगायचं आहे. सुट्टीत विनूला ताप आला होता, तेव्हा मी अंबादासभाऊजींना बोलावणं पाठवलं होतं.”

चिंतामणीने चमकून तिच्याकडे पाहिलं. तो त्या दिवशी दुकानाच्या मालासाठी कटनीला गेला होता, आणि अण्णा डोळे दाखवायला दवाखान्यात बसले होते. ताप चढत होता. डॉक्टर औषध देऊन गेले, पण पोर ते घेईना. नुसतं बाबूजी, बाबूजी. अंबादासला ती बाबूजी म्हणायची. विभावरीने शेजारच्याला कारखान्यात पाठवलं. अंबादास भर उन्हात सायकलवर आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने विचारलं, वहिनी, आत येऊ का?

तो आत आला, विनताच्या उशाशी बसला. मुलगी म्हणाली, मला घरी घेऊन चला. तो घेऊन गेला असता तर विभावरी अडवू शकली नसती. पोर त्याच्या गळ्यात हात टाकून निघालीच होती. पण तो म्हणाला, सुट्टी आहे तोवर तू इथेच राहायचं, आणि औषध काकूच्या हातून घ्यायचं, बघ तिने तुझ्यासाठी किती करून ठेवलं आहे. विनताने औषध घेतलं. ते काकूच्याच हातून घेतलं. ताप उतरू लागल्यावर तो उठला. जाताना त्याने विभावरीला एवढंच सांगितलं की मी आलो होतो हे चिंतामणीभाऊंना नाही सांगितलं तरी चालेल, उगीच घरात वाद नको.

“तेव्हापासून मी गप्प बसून राहिली,” विभावरी म्हणाली. “कारण मला ती पोर पाहिजे होती. आजही पाहिजे. पण तो माणूस तिला घेऊन जाऊ शकत होता आणि त्याने नेलं नाही. असं कोणी माझ्यासाठी केलं नव्हतं.”

ती परत स्वयंपाकघरात गेली. चिंतामणी उठून चपला घालून बाहेर पडला. तो दुकानात गेला आणि अर्धं शटर उघडून आत नुसता बसून राहिला. मुलीच्या लोभाने तो हे करतोय असं बेबीला वाटत होतं, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं. विनता मान वळवून बघायची तेव्हा हुबेहूब शशिकांत दिसायचा. लहानपणी दादाने त्याला सायकल शिकवली होती, शाळेत कोणी मारलं तर दादा जायचा. दादाला शेवटी खांदा दिला तेव्हा त्याने मनात म्हटलं होतं, तुझ्या पोरीला मी बघीन. आता बायको, बहीण, बाप, एकेक करून सगळे दुसऱ्या बाजूला सरकत होते, आणि दादाच्या बाजूने आपण एकटेच उरलो, असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोहलपूरच्या खोलीत अंबादास पोहे करत होता. स्वयंपाक तो इंदिरेच्या आजारपणात शिकला होता आणि अजूनही त्याच्या हाताला मिठाचा अंदाज नव्हता. विनता शाळेचाच फ्रॉक घालून तयार बसली होती. गल्लीत बिडीवाल्यांची आणि लोहारांची दुकानं उघडत होती.

त्याचे वकील तिवारीजी भले माणूस होते, पण मागच्या महिनाभरात त्यांनी त्याला बऱ्याच गोष्टी सुचवल्या होत्या. लवकर लग्न करून घ्या, निदान ठरलं आहे असं सांगा. घरात बाई दिसली की अर्धी केस जिंकली. अंबादास म्हणाला, कोर्टाला दाखवायला म्हणून मी कोणा बाईला घरात आणणार नाही. मग तिवारीजी म्हणाले, निदान असं म्हणा की चिंतामणीचा डोळा शशिकांत गेल्यावर कारखान्यातून मिळालेल्या रकमेवर आहे. अंबादास म्हणाला, ते खरं नाही. वकिलांनी कपाळाला हात लावला. कायद्यात तुम्हाला जागा नाही आणि समोरच्याबद्दल तुम्ही बोलणार नाही, तर मी लढू कशावर, असं त्यांनी विचारलं. अर्जातलं ते वाक्य त्याने वाचलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस विनताने सवयीने त्याचा हात धरला की तो आधी रस्त्यावर कोणी बघतं का ते बघायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटून हात घट्ट धरायचा.

विनताने पोह्यांत चमचा फिरवत विचारलं, “बाबूजी, जज साहेबांनी मला विचारलं तर मी काय बोलू?”

“जे मनात असेल ते.”

“और मैंने बोल दिया कि काकूकडे राहायचं है, तो?”

अंबादास तिच्यासमोर बसला. “तर मी तुझी पेटी उचलून काकूकडे पोचवून देईन.”

“तुमको बुरा नहीं लगेगा?”

“लगेगा,” तो म्हणाला. “खूप वाईट वाटेल. पण मला वाईट वाटेल म्हणून तू खोटं बोलायचं नाही. मी मोठा आहे, मी बघून घेईन.”

विनताने त्याच्याकडे पाहिलं आणि पोहे खायला सुरुवात केली. मग म्हणाली, नमक कमी आहे. त्याने मिठाचा डबा पुढे केला.

कोर्टाच्या खोलीत पंखा होता पण हवा लागत नव्हती. एका बाकावर अण्णा, चिंतामणी, बेबी आणि विभावरी; दुसऱ्यावर अंबादास आणि विनता. विनता मधल्या जागेतून दोनदा काकूकडे जाऊन आली, कोणी तिला अडवलं नाही.

सकाळी कामकाज सुरू होण्याआधीच भय्यासाहेबांनी अर्जातलं ते वाक्य मागे घेत असल्याचं सांगितलं. जजसाहेबांनी मान डोलावली आणि तशी नोंद करवून घेतली. तिवारीजींनी वळून अंबादासकडे पाहिलं. अंबादास अण्णांकडे बघत होता, पण अण्णांची नजर समोर होती.

मग भय्यासाहेबांनी अंबादासला प्रश्न विचारायला सुरुवात केली. माणूस जुना आणि तरबेज होता. एक दार बंद झाल्यावर त्यांनी दुसरं शोधून ठेवलं होतं. मुलगी कोणत्या शाळेत आहे, तिला शाळेत कोणी घातलं, तेव्हा तुमच्या लग्नाला किती काळ झाला होता, असे साधे प्रश्न झाले. मग त्यांनी विचारलं की शाळेत मुलीचं नाव काय लिहिलं आहे.

“विनता शशिकांत गोतमारे,” अंबादास म्हणाला.

म्हणजे, भय्यासाहेब म्हणाले, तुमची बायको जिवंत होती, मुलगी तुमच्या घरात होती, तुम्ही तिचा हात धरून शाळेत गेलात. तिथे आपलं नाव लावायला तुम्हाला कोणी मनाई केली होती? नाही. तरी तुम्ही लावलं नाही. कारण उघड आहे. तुमच्या मनातच ती कधी तुमची मुलगी नव्हती, ती दुसऱ्याची होती. आज खटला उभा राहिला तेव्हा तुम्ही बाप झालात.

चिंतामणी जरा पुढे सरकून बसला. तिवारीजी हरकत घ्यायला उठत होते, पण अंबादास बोलू लागला होता. तो हिंदीत सुरू झाला आणि मध्येच त्याच्या नकळत मराठीत आला. जजसाहेब नागपूरला शिकलेले होते, त्यांनी त्याला थांबवलं नाही.

“शशिकांत माझा मित्र होता साहेब. आम्ही एकाच शेडमध्ये होतो. तो गेला तेव्हा त्याच्या मागे ही एवढीशी पोर, एवढंच राहिलं होतं. शाळेत मास्तरांनी मला म्हटलं होतं, आपलं नाव लावून टाका, पुढे त्रास होणार नाही. मी नाही लावलं. तिचा बाप वाईट नव्हता, तो पळून गेला नव्हता, तो मेला होता. त्याचं नाव पुसून मी बाप झालो असतो, तर मोठी झाल्यावर तिला मी काय तोंड दाखवलं असतं?”

भय्यासाहेबांनी विचारलं की मग तुमचा हक्क कशावर आहे.

“हक्क नाही,” अंबादास म्हणाला. “वकीलसाहेबांनी मला कायदा वाचून दाखवला. त्यात मी कुठे बसत नाही. सकाळी ती माझ्या घरून शाळेत जाते आणि संध्याकाळी माझ्याच घरी येते. माझ्याजवळ तेवढंच आहे. ते तुम्ही बघा.”

अण्णा ऐकत होते. विनताचं शाळेतलं नाव त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं, आणि ते होणारच होतं असंही वाटलं होतं; गोतमाऱ्यांची पोर, गोतमारेच राहणार. ते नाव दुसऱ्या एका माणसाने लिहिलं आहे, ते लिहिताना त्याने स्वतःचं बाजूला ठेवलं आहे, आणि त्यानंतर प्रत्येक ठिकाणी, दवाखान्यात, राशनच्या रांगेत, शाळेच्या समारंभात, तुम्ही कोण हे त्याला उभं राहून सांगावं लागलं असेल, हे आज त्यांच्या ध्यानात आलं. शशिकांतचं नाव जगात चालू ठेवायचं काम आपण करतो आहोत असं ते समजत होते. ते काम दुसराच करत होता.

ते उठले. भय्यासाहेबांनी हाताने बसायची खूण केली. अण्णा बसले नाहीत. त्यांनी जजसाहेबांना विचारलं, मी बोलू का. परवानगी मिळाली.

“माझा अर्ज मला परत घ्यायचा आहे,” ते म्हणाले.

जजसाहेबांनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का? अण्णा म्हणाले, या वयात माझ्यावर दबाव टाकणारा कोणी उरलेला नाही. भय्यासाहेब पुढे आले आणि त्यांनी मधला मार्ग सुचवला. कायद्याच्या दृष्टीने अण्णांनाच पालक नेमावं, ते सोपं आहे, आणि अण्णांच्या मर्जीने मुलगी वानखेडेंकडे राहू द्यावी. कोणाचंच नुकसान नाही. जजसाहेबांनी अण्णांकडे पाहिलं.

“वकीलसाहेब चांगलंच बोलून राहिले,” अण्णा म्हणाले. “पण मी सत्तरीच्या पुढचा माणूस. मी गेलो की या माणसाला पुन्हा इथेच यावं लागेल, पुन्हा कोणी तरी त्याला विचारील तू कोण. कायदा त्याला बाप म्हणत नाही तर न म्हणो. पण तुमच्या हातात जे द्यायचं आहे ते त्याला द्या. माझी हरकत नाही. उलट, माझी विनंती आहे.”

चिंतामणीने वडिलांच्या कोटाची बाही धरली. अण्णांनी त्याच्या हातावर हात ठेवला, आणि तसेच उभे राहिले.

जजसाहेबांनी विनताला आपल्या खोलीत बोलावलं. तिथे कोणी वकील गेला नाही, घरचं कोणी गेलं नाही. आत काय बोलणं झालं हे विनताने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. स्वतःच्या मुलांना तिने हा सगळा खटला सांगितला, पण त्या खोलीतलं तेवढं गाळून. ती बाहेर आली, अंबादास आणि विभावरी यांच्या मधल्या रिकाम्या जागेत क्षणभर उभी राहिली आणि अंबादासच्या बाकावर जाऊन बसली.

हुकूम दुपारी झाला. अंबादास वानखेडे यांना मुलगी सज्ञान होईपर्यंत तिचे पालक म्हणून नेमण्यात येतं. सुट्ट्यांमध्ये तिने आजोबांकडे राहावं. कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला या जिल्ह्याबाहेर राहायला नेऊ नये. तिवारीजी अंबादासचा हात हलवत होते. अंबादासला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. तो खाली बसला होता आणि विनता त्याच्या पाठीवर थोपटत होती.

बाहेर आवारात लिंबाच्या सावलीत सगळे गोळा झाले. अंबादास अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी त्याला उठवलं आणि ते म्हणाले, तू बारीक झालास, जेवत जा. बेबी हसली आणि तिचे डोळे भरून आले. विभावरी जरा लांब, पाठ करून उभी होती. खिडकीजवळची खाट, त्यावरची चादर, आता सुट्टीपुरती. तिने पदर तोंडाशी धरला होता.

अंबादास तिच्याकडे गेला.

“वहिनी,” तो म्हणाला, “कोर्टाने सुट्ट्या सांगितल्या. मी त्यापेक्षा जास्त मागायला आलो आहे. विनू मोठी होऊन राहिली. तिला आता बरंच काही विचारायचं असेल, ते ती मला विचारणार नाही, आणि मला सांगता येणार नाही. इंदिरा असती तर तिने सांगितलं असतं. दर शनिवारी शाळेतून ती तुमच्याकडे आली तर चालेल का? रविवारी संध्याकाळी मी घ्यायला येईन. तुमच्यावर उपकार म्हणून नाही म्हणत. मला गरज आहे.”

विभावरीने मान हलवली. मग म्हणाली, “आज शनिवारच आहे, भाऊजी.”

“हो,” अंबादास म्हणाला. “तिचे कपडे घ्यायला घरी जावं लागेल.”

विनता म्हणाली, काकू पण चलेगी ना, माझी खोली बघायला? विभावरी गोहलपूरच्या त्या घरी कधी गेली नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

चिंतामणी सकाळपासून कोणाशी बोलला नव्हता. वडिलांनी बोलावलं तरी सावलीत आला नव्हता, उन्हातच उभा होता. आता त्याने बायकोची नजर पाहिली, पुतणीची पाहिली. अंबादासकडे त्याने पाहिलं नाही. तो वळला आणि फाटकापर्यंत चालत गेला. तो रागावून निघून गेला असंच सगळ्यांना वाटलं, आणि अण्णांनी एक लांब श्वास सोडला.

फाटकाबाहेर जाऊन चिंतामणीने हात वर करून सायकलरिक्षा थांबवली. ती आत आणवली. विनताला त्याने काखेत धरून उचलून वर बसवलं, तेवढी ती आता लहान नव्हती तरी. विभावरी तिच्या शेजारी बसली. अंबादास आपली सायकल घेऊन बाजूला उभा राहिला.

“भैया, गोहलपुर जाना है,” चिंतामणी रिक्षावाल्याला म्हणाला. मग अंबादासकडे बोट करून म्हणाला, “इनके पीछे-पीछे चलो. और आहिस्ता ले जाना, रास्ता खराब है. बच्ची बैठी है.”